व्यायाम, सेलेनियम आणि मेंदूचे आरोग्य

बंगळूर शहराच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. औद्योगिक उपनगर म्हणून ती वाढली आणि राज्य कामगार विमा योजनेचे एक मोठे रुग्णालयही तेथे उभे राहिले. ज्या पिढीने दिवसभर यंत्रांपाशी उभे राहून काम केले, तिच्यातील पुष्कळजण आता वार्धक्यात आहेत. हातांचे काम थांबले, चालणे कमी झाले, आणि त्याबरोबरच नावे आठवेनाशी होणे, ओळखीची वाट चुकणे अशा तक्रारी घराघरांत ऐकू येऊ लागल्या. हा प्रश्न एका वसाहतीपुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हा विकार समूळ बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. म्हणूनच तो टाळता किंवा लांबणीवर टाकता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चालण्याचा मेंदूवर परिणाम

मेंदूच्या आतील भागात हिप्पोकॅम्पस नावाची एक लहानशी रचना असते. नवी स्मृती साठविणे आणि दिशांचे भान राखणे ही तिची मुख्य कार्ये होत. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखवून दिले की, फिरत्या चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी अधिक संख्येने निर्माण होतात. माणसाच्या बाबतीत प्रौढ वयात अशा पेशी कितपत जन्मतात, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु २०११ मध्ये १२० वृद्ध व्यक्तींवर केलेल्या एका प्रयोगात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. केवळ ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात मात्र ते घटले होते.

स्नायू हलले की मेंदूला त्याची वार्ता कशी पोहोचते? याचे एक उत्तर रक्तात शोधता येते आणि तेथेच सेलेनियमचा संबंध येतो.

चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

१८१७ साली स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने हे मूलद्रव्य शोधून काढले आणि ग्रीक चंद्रदेवतेच्या नावावरून त्याला सेलेनियम असे नाव दिले. दीर्घकाळ ते केवळ विष म्हणूनच ओळखले जात होते. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्ट्झ याने प्राण्यांच्या आहारात त्याची अत्यल्प मात्रा आवश्यक असते हे सिद्ध केले. १९७३ मध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराच्या रचनेत सेलेनियम असते, असे आढळून आले. शरीरात प्राणवायूच्या वापरातून निर्माण होणारी हानिकारक पेरॉक्साइडे निष्प्रभ करणे हे या विकराचे कार्य होय. मेंदू फार मोठ्या प्रमाणात प्राणवायू वापरतो. त्यामुळे हे संरक्षण त्याला विशेष गरजेचे असते.

राजाजीनगरच्या ईशान्येस थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथील प्राध्यापक जी. मुगेश यांनी या विकराप्रमाणे कार्य करणारी सेलेनियमयुक्त कृत्रिम संयुगे तयार करण्याचे महत्त्वाचे कार्य केले. २०१२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

आहारातील सेलेनियम यकृतात पोहोचते. यकृत त्यापासून ‘सेलेनोप्रोटीन पी’ नावाचे प्रथिन तयार करून रक्तात सोडते. मेंदूत हे प्रथिन ओळखून आत घेणारे विशिष्ट ग्राही असतात. आहारात सेलेनियमचा तुटवडा पडला, तर इतर अवयवांतील साठा घटतो. मेंदू मात्र आपला वाटा बराच काळ टिकवून धरतो. शरीर कोणाला अग्रक्रम देते, हे यावरून स्पष्ट होते.

दोन धागे एकत्र येतात

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे दोन्ही धागे जोडले. व्यायाम करणाऱ्या उंदरांच्या रक्तात सेलेनोप्रोटीन पी वाढते, असे त्यांना आढळले. ज्या उंदरांत हे प्रथिन किंवा त्याचा ग्राही नव्हता, त्यांना धावण्यामुळे नव्या चेतापेशींचा लाभ झाला नाही. पुढे वृद्ध उंदरांना आहारातून सेलेनियम पुरविले असता त्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या उंदरांतही तसेच दिसून आले.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करणे मात्र योग्य नव्हे. अमेरिकेत साठ वर्षांवरील सुमारे साडेसात हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीचे फलित २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेतल्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, असे तीत दिसले. ज्यांच्या शरीरात सेलेनियम पुरेसे आहे, त्यांना गोळीचा लाभ होत नसावा, असा त्याचा एक संभाव्य अर्थ आहे.

अल्पतेची आणि अतिरेकाची मर्यादा

या मूलद्रव्याच्या बाबतीत पुरेसे आणि अपायकारक यांतील अंतर फार मोठे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज ४० मायक्रोग्रॅम ही मात्रा सांगितली आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी ४०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. चीनमधील केशान परगण्यात सेलेनियमच्या कमतरतेशी संबंधित असा हृदयविकार दिसून आला. उलट पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागांत जमिनीतच सेलेनियम अधिक असल्याने पिकांत ते जास्त उतरते. अतिरेक झाला की केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात.

महाराष्ट्राला याचा प्रत्यय नुकताच आला. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या प्रारंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक मोठ्या प्रमाणात गळू लागले. महाडचे वैद्य हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुन्यांची तपासणी करून घेतली आणि रेशनवर आलेल्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियम हे त्याचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. एकाच ठिकाणचे धान्य सर्वांच्या ताटात आले, तर जमिनीचा गुणदोषही सर्वांच्या वाट्याला येतो, हा या घटनेचा बोध होय.

व्यवहारात काय करावे

सेलेनियमचे प्रमाण अन्नापेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. म्हणून एकाच पदार्थावर भिस्त ठेवू नये. गहू, नाचणी, तांदूळ, डाळी, अंडी, मासे असा विविध आहार ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. वैद्याच्या सल्ल्याशिवाय सेलेनियमच्या गोळ्या घेऊ नयेत. ब्राझील नट या फळाची एक बीसुद्धा दिवसाच्या गरजेपेक्षा अधिक सेलेनियम देऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

व्यायामाविषयी मात्र एवढी साशंकता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. ही मिनिटे दररोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवसांत वाटता येतात. राजाजीनगरच्या उद्यानात पहाटे फेऱ्या मारणाऱ्या वृद्धास सेलेनोप्रोटीन पी हे नाव ठाऊक नसेल. त्याचे पाय चालत आहेत आणि ताटात विविध अन्न आहे, तोवर यकृत, रक्त आणि मेंदू यांतील देवाणघेवाण त्याच्या नकळत चालूच राहील.