दान, पावती आणि विश्वास

समाजकार्य मनाने सुरू होते, पण चालते ते निधीवर. २०२० च्या टाळेबंदीत संस्थांच्या परिषदा मोबाईलच्या पडद्यावर भरू लागल्या आणि शिरोड्यात बसूनही निधी-संकलनाचे मार्गदर्शन ऐकता येऊ लागले. अशा परिषदेतून आम्ही जे शिकलो, ते सभासद व विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

१) थोडे, पण नियमित : मोठ्या देणगीदाराची वाट पाहण्यापेक्षा अनेकांकडून दरमहा थोडे घ्यावे, यावर तेथे भर होता. महाराष्ट्राला हे नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढले जाई. १०० कुटुंबांनी दरमहा ५० रुपये दिले, तर वर्षाला ६०,००० रुपये होतात. जयंतीला एकदा वर्गणी काढून भागत नाही. विद्यार्थ्याला पैसे जूनमध्ये लागतात, तसेच परीक्षेच्या वेळीही.

२) पैसा संस्थेच्याच खात्यात : पूर्वी चाकरमानी मनीऑर्डर करीत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि मुंबई-गोव्याहून क्षणात रक्कम पाठवता येऊ लागली. मात्र क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, पदाधिकाऱ्याच्या नव्हे. माणूस कितीही प्रामाणिक असो, खाते वेगळे असले की संशयाला जागा राहत नाही.

३) हिशेब न मागता द्यावा : रक्कम लहान असो वा मोठी, पावती द्यावीच. वर्षाअखेर जमाखर्च सभेत वाचावा व फलकावर लावावा. "आभारी आहोत" एवढ्यावर न थांबता किती वह्या घेतल्या, किती जणांची फी भरली, हे कळवावे. दात्याला पुन्हा द्यावेसे वाटते ते यामुळेच.

४) घेणाऱ्याचा मान : मदत घेताना मुलांचे फोटो काढून ते सर्वत्र पाठवू नयेत. शिक्षण हा मुलांचा हक्क आहे, उपकार नव्हे. गरिबीचे प्रदर्शन करून निधी वाढेलही, पण ज्याच्यासाठी तो जमवला, त्याचीच मान खाली जाईल.

विद्यार्थी मित्रांनो, हिशेबाची वही लिहायला आणि वडीलधाऱ्यांना मोबाईलवरचे व्यवहार समजावायला तुम्हीच पुढे या. आज मदत घेणारा हात उद्या देणारा व्हावा, यासाठीच संस्थेचा प्रत्येक पैसा आहे.