लाईनच्या कामाचा डबा : इतिहास आणि जतन



दर अंकात बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. पाचोरा-जामनेर ही आपली पी.जे. गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली. ही लाईन ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचे काम मंजूर झालेले आहे. ब्रॉडगेज व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नॅरोगेजचे सामान मोडीत निघते तेव्हा इंजिन कोणीतरी मागून घेते. खडी वाहणाऱ्या डब्याकडे कोणी बघत नाही.

ही ५६ किलोमीटरची लाईन १९१८-१९ च्या सुमारास वरखेडी, शेंदुर्णी, पहूरवरून टाकली गेली. दोन रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; भुसावळच्या मोठ्या लाईनीचे १६७६. आता आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्हांला सांगायला नको. अशा जमिनीवर स्लीपर नुसता ठेवला तर रूळ सरळ राहणार नाही. म्हणून खाली खडी. खडी भार पसरवते आणि पाण्याला वाट देते; पाणथळ उसाला चर काढतो तोच हिशेब. खडीत माती भरली की चिखल वर येतो, मग ती चाळून नवी टाकावी लागते. ही खडी, रूळ, स्लीपर वाहायला इंजिनीअरिंग खात्याचे डबे असतात. त्यांत भाड्याचा माल भरत नाहीत. पुष्कळदा मालगाडीतून काढलेला जुना डबाच या कामाला लावतात. त्यामुळे इतर डबे मोडले तरी हा कुठल्या तरी सायडिंगला उभा सापडतो. मोठ्या लाईनीवर तळाची झडप उघडून खडी सोडणारे डबे आले. साध्या उघड्या डब्यातून मात्र गँगवाल्यांनी फावड्या-घमेल्यांनीच ती उतरवायची.

छोट्या लाईनीचा डबा हलका का, हे बार्शी लाईटवरून कळते. कॅलथ्रॉप या इंजिनीअरने १८९७ साली ती सुरू करताना नियम ठेवला, की इंजिन असो वा डबा, एका आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार वाटला म्हणजे हलका रूळही पुरतो. (ऊस भरताना आपले ट्रॅक्टरवाले हा नियम पाळतील तर शिवाररस्ते दोन पावसाळे जास्त टिकतील. असो.)

जतन म्हणजे नुसता चकाचक रंग नव्हे. डब्याच्या बाजूवर रिकामे वजन, वर्कशॉपचे चिन्ह, दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. तीच त्याची जन्मपत्रिका. ती घासण्याआधी फोटो काढावा, अक्षरांचे माप घ्यावे. जुन्या अस्तरात शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, असण्याची शक्यता असते. कोरडा खरवडला तर धूळ विषारी, म्हणून ओला करून काढावा, तोंडाला मास्क बांधावा, पोरांना लांब ठेवावे. डबा मातीत टेकवू नये, खडीवर रुळाचे तुकडे टाकून त्यांवर उभा करावा. लाकडी तळ ओल धरतो आणि खालचा पत्रा खातो, तेव्हा फळ्यांखालचा कचरा काढून पाणी वाहायला भोके मोकळी करावीत. चाकांच्या पेटीत जुने तेलाचे बेअरिंग असेल तर तेल बदलून डबा अधूनमधून दोन हात ढकलावा. नाहीतर चाक जाम होते. वर पत्र्याचे छप्पर हवेच. रंगापेक्षा छपरावर पैसा आधी घालावा, असे माझे मत आहे.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय २००२ साली झाले. जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. आपल्याकडे मात्र वेळ थोडा. रेल्वे निकामी डबा भंगार म्हणून लिलावात काढते, आणि लिलाव झाल्यावर अर्ज करून काही उपयोग नाही. लाईनीवरच्या गावांनी ग्रामपंचायतीचा ठराव करून भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना आधीच लिहावे. अर्जात डब्याचा नंबर, तो कोठे उभा आहे आणि छप्पर कोण घालणार हे स्पष्ट असावे. ज्यांच्या घरी कोणी गँगमध्ये मुकादम वा खलाशी होते, त्यांनी त्या डब्याला आणि हत्यारांना गँगवाले काय म्हणत ते शब्द लिहून ऊस विकास विभागात, गटाच्या स्लिप बॉयजवळ, द्यावेत.