पावणेदोन इंचांतला वारा

कपातला चहा बशीत ओतला की लवकर का निवतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. चहा पसरतो, जास्त पृष्ठभाग हवेला लागतो, आणि वर आपण फुंकर घालतो. आज ज्या यंत्राचा विचार करायचा आहे, त्यालाही हीच युक्ती लागते. फक्त तेथे बशी ठेवायला जागा नाही.

हे यंत्र म्हणजे सर्व्हर. बँकांचे किंवा रेल्वे आरक्षणाचे व्यवहार सांभाळणारे हे संगणक टेबलावर नसतात. १९ इंची लोखंडी रॅकमध्ये ते फडताळातल्या ताटांसारखे एकावर एक सरकवलेले असतात. रॅकच्या एका खणाची उंची पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. असे ४२ खण असलेला रॅक पुष्कळ ठिकाणी वापरतात.

आता आत बसणारा प्रोसेसर पाहू. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट वीज घेई. २०२२ साली आलेला एएमडी कंपनीचा 'एपिक ९६५४' हा ३६० वॅटचा आहे. असे दोन प्रोसेसर एका खणात बसवले की ७२० वॅट झाले. घरातल्या ७५० वॅटच्या इस्त्रीइतकेच जवळजवळ! संगणक ओझे उचलत नाही की पाणी उपसत नाही, तेव्हा घेतलेल्या बहुतेक सर्व विजेची अखेर उष्णताच होते. इस्त्री तापावी म्हणूनच असते. प्रोसेसर मात्र १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग उतरवतो. वारा अपुरा पडला तर महागडा प्रोसेसर साध्या प्रोसेसरसारखा चालू लागतो, आणि वरकरणी काही बिघडलेले दिसतही नाही.

मग वारा किती हवा? हिशेब वहीत करता येईल. इतर भाग धरून सर्व्हर १,००० वॅट घेतो असे समजा. म्हणजे दर सेकंदाला १,००० ज्यूल उष्णता बाहेर काढायची. १ घनमीटर हवा १ अंशाने तापवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. हवा १५ अंशांनी तापून बाहेर पडावी असे ठरवले, तर १ घनमीटर हवा १८,००० ज्यूल नेईल. १,००० ला १८,००० ने भागा. उत्तर सुमारे ०.०५५ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला ५५ लिटर हवा! मोठ्या तीन-चार बादल्या भरतील एवढी हवा त्या फटीतून सेकंदासेकंदाला गेली पाहिजे.

येथे पंख्याची अडचण येते. खणात ४० मिलिमीटरहून मोठा पंखा मावत नाही. त्याच घडणीच्या पंख्याचा व्यास निम्मा केला, तर तेवढाच वारा देण्यासाठी त्याला आठपट वेगाने फिरावे लागते. म्हणून अनेक छोटे पंखे ओळीने लावतात, आणि तेही मिनिटाला दहा-पंधरा हजार किंवा अधिक फेरे घेतात. आवाज तर कानठळ्या बसवणारा! त्याहून वाईट म्हणजे वेग दुप्पट केला की वारा दुप्पट होतो, पण पंख्याला वीज लागते आठपट. नुसते पंखे पळवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तेव्हा आहे तोच वारा नीट वापरला पाहिजे. प्रोसेसरवर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा बसवतात. दोन्ही पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक फटी राहतात. तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजारपट चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे या फटी फार नडतात. त्या बुजवायला एक लेप लावतात. तो पातळच हवा, कारण लेप हवेपेक्षा बरा असला तरी तांब्याच्या मानाने फार मागे आहे.

पात्या उंच करता येत नाहीत, म्हणून उष्णता आडवी पसरवायची. ही आपली बशी. ठोकळ्याच्या तळाशी तांब्याची बंद, पोकळ नळी असते. तिच्यात अगदी कमी दाबाखाली थोडे पाणी असते. दाब कमी असल्याने ते कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, दूरच्या पात्यांपाशी वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. वाफेचा अप्रकट उष्मा असा फुकटात वाहून नेला जातो.

मांडणीलाही महत्त्व आहे. एकामागे एक प्रोसेसर ठेवले तर मागच्याच्या वाट्याला पुढच्याचा उष्टा, तापलेला वारा येतो. रॅकमधला रिकामा खण उघडा राहिला, तर मागची गरम हवा त्यातून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. साध्या पत्र्याच्या झाकणाने हे टळते.

आता हवेऐवजी पाणी घेऊन तोच हिशेब करा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. ५५ लिटर हवेचे काम सुमारे १६ मिलिलिटर पाणी, म्हणजे तीन चमचे, करते! १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेलेच होते. आज पुष्कळ सर्व्हरमध्ये प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पट्टीतून पाणी खेळवतात. त्यात गळतीची धास्ती आणि पंप, नळ्यांचा खर्च आहे, म्हणून जेथे वाऱ्याने भागते तेथे अजून वाराच वापरतात.

एक उदाहरण तुमच्यासाठी. हवा १५ ऐवजी १० अंशच तापू द्यायची असेल, तर सेकंदाला किती लिटर हवा लागेल, आणि त्याच पंख्यांना किती पट वीज लागेल? (उत्तर : सुमारे ८३ लिटर, जवळजवळ साडेतीनपट.)