हमालाची कंबर आणि मालकाची जबाबदारी

सोयाबीनची आवक सुरू झाली की कंबर धरून दवाखान्यात येणाऱ्या हमालांची संख्या वाढते. गेल्या हंगामात एका आडत दुकानाचे मालक आपल्या हमालाला स्वतः घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला एक चांगलं इंजेक्शन द्या. गाड्या खोळंबल्यात." त्या हमालाची महिन्यातली ही तिसरी खेप होती. मी म्हणालो, "शेठ, इंजेक्शन देतो. पण काम आहे तसंच राहिलं तर हा चौथ्यांदा येईल."

कंबर का दुखते हे आधी समजून घेऊ. मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात आणि मणक्यांना स्नायूंचा आधार असतो. ओझे शरीरापासून जितके लांब, तितका कमरेवरील ताण अधिक. जमिनीवरचे पोते वाकून उचलताना त्याच वेळी कंबर पिळली, तर स्नायू दुखावतात. यालाच आपण उसण भरली म्हणतो. कधी चकती सरकून शीर दबते आणि कळ पायापर्यंत जाते. इंजेक्शनने वेदना दबते, कारण तसेच राहते.

मग मालीश किंवा हाताचे उपचार करावेत का, असे पुष्कळजण विचारतात. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली ऑस्टिओपॅथी ही पद्धत मांडली. तीत स्नायू व सांधे हाताने दाबून, ताणून, हलवून उपचार करतात. ब्रिटनमध्ये १९९३ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कंबरदुखीत अशा उपचारांनी काहींना आराम पडतो. परंतु तेथील २०१६ च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे उपचार व्यायामाच्या जोडीनेच करायचे असतात. आपल्याकडे हे काम शिकलेला फिजिओथेरपिस्ट करू शकतो. मानेला किंवा कमरेला झटका देणाऱ्या अशिक्षित माणसाकडे मात्र जाऊ नये.

मालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) पोते ५० किलोपेक्षा जड भरू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे. हलके पोते केव्हाही चांगले.
२) थप्पी जमिनीवर न लावता लाकडी फळ्यांच्या गुडघाभर उंच ओट्यावर लावावी.
३) लांबच्या फेऱ्यांसाठी हातगाडी द्यावी. जमिनीवरचे पोते दोघांनी उचलावे.
४) दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटे विसावा द्यावा.
५) उसण भरलेल्याला काही दिवस वजनकाट्याजवळचे किंवा पोती शिवण्याचे हलके काम, पूर्ण मजुरीने द्यावे.

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हमालाची मजुरी पोत्यावर असते. घरी बसला तर चूल थंड पडते, म्हणून तो दुखणे लपवून कामावर येतो. शिवाय साध्या कंबरदुखीत आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहणे अपायकारकच असते. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी.

मात्र पाय बधिर होणे, पायातील बळ जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे किंवा कंबरदुखीसोबत ताप येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

त्या शेठजींनी दिवाळीपूर्वी ओटा करून घेतला व दोन हातगाड्या आणल्या. तो हमाल त्यानंतर एकदाच आला, तोही नातवाच्या खोकल्यासाठी. खर्च किती आला असे मी शेठजींना विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोळंबलेल्या गाड्यांच्या भाड्यापेक्षा कमीच."