मत्स्यपेटीची निगा आणि हातांच्या त्वचेचे रक्षण

हिंगोली जिल्ह्यात मासे म्हटले म्हणजे सिद्धेश्वर व इसापूर या जलाशयांची आठवण प्रथम होते. आता शेततळ्यांतूनही रोहू, कटला व मृगळ वाढविले जातात आणि काही घरांतून काचेच्या पेटीत रंगीत मासे दिसू लागले आहेत. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचाही समावेश करण्यात आला. माशांना कोणते पाणी मानवते याची चौकशी शेतकरी बंधू आवर्जून करतात. परंतु त्या पाण्यात नित्य हात घालणाऱ्या माणसाच्या त्वचेचा विचार क्वचितच होतो.

त्वचेस अपाय का होतो?

आपल्या त्वचेवर नैसर्गिक तेलाचा एक पातळ थर असतो. हात वारंवार भिजले व वाळले म्हणजे तो थर नाहीसा होऊन त्वचा कोरडी पडते, खाजते व तीस भेगा पडतात. इसब असणाऱ्यांस हा त्रास लवकर होतो. आपल्याकडे तर ज्या हातांनी दिवसा हळद काढली, सोयाबीन कापले वा करडईचे काटे सोसले, तेच हात सायंकाळी पेटीत जातात. अशा हातांवरील बारीक चिरा म्हणजे जंतूंना उघडे दारच होय.

या जंतूंपैकी एकाची ओळख प्रत्येक मत्स्यपालकास असणे अगत्याचे आहे. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा जंतू 1926 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील माशांत प्रथम आढळला. घरगुती मत्स्यपेटीपासून माणसास त्याची बाधा झाल्याची नोंद 1962 साली झाली. तो क्षय व कुष्ठ यांच्या जंतूंच्या कुळातील असला तरी हे रोग त्याच्यामुळे होत नाहीत आणि त्याची बाधा सहसा एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. सुमारे तीस अंश उष्णतेत तो चांगला वाढतो. म्हणूनच शरीराच्या मानाने थंड असणाऱ्या बोटांवर व हातांवर त्याची गाठ उठते. बहुधा दोन ते चार आठवड्यांनी लालसर गाठ दिसते, ती फारशी दुखत नाही आणि कधी कधी हातावर वरच्या बाजूस गाठींची ओळ उमटते.

प्रस्तुत लेखकाची त्वचा मुळात नाजूक. बोटावरील अशाच एका गाठीस मलम लावण्यात दोन महिने गेले. घरी मासे पाळतो, हे डॉक्टरांस सांगण्याचे सुचलेच नाही. ते सांगितल्यावर तपासणीची दिशा बदलली; तथापि औषध पुढे कित्येक महिने घ्यावे लागले. चूक सर्वस्वी स्वतःचीच होती.

घ्यावयाची काळजी

1. हातास जखम, चीर वा इसब असेल तर पेटीचे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावे. मधुमेही व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी हे काम शक्यतो करू नये.

2. कोपरापर्यंत येणारे हातमोजे वापरावेत. त्यांत पाणी भरून छिद्र नाही याची खात्री करावी. रबराने खाज सुटत असल्यास नायट्राइलचे मोजे घ्यावेत. आत सुती मोजे घातल्यास घामाचा त्रास कमी होतो.

3. लांब दांड्याची जाळी व घासणी वापरावी, म्हणजे हात पाण्यात कमी वेळ राहतो. हात घालण्यापूर्वी पंप व हीटर यांचा वीजप्रवाह बंद करावा.

4. नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये. दर आठवड्यास सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे. फार दिवस साचलेली घाण एकदम काढण्यापेक्षा हे सोपे व हितकर होय.

5. काम संपताच हात साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत व खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तेल वा साबण लागलेला हात पेटीत घालू नये. ते माशांस अपायकारक असते.

6. शेततळ्यात चुना, विरंजक चूर्ण किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकताना मोजे व गमबूट घालावेत. ही द्रव्ये ओल्या त्वचेस भाजतात.

7. शिंगी वा मांगूर यांचा काटा विषारी असतो. तो टोचल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी. पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहावे. नंतर आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या सुईविषयी विचारावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

हातावर गाठी दिसताच गावात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू होते आणि माणूस लाजेने हात लपवितो. कार्यकर्त्यांनी अशा वेळी स्वतः निदान करू नये, परंतु त्यास धीर देऊन डॉक्टरांकडे अवश्य पाठवावे. दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या प्रत्येक जखमेबाबत “तुम्ही मासे पाळता काय?” हा प्रश्न विचारावा व त्याचे उत्तर डॉक्टरांस कळविण्यास सांगावे. या एका वाक्याने कित्येक महिन्यांचा त्रास टळू शकतो. मत्स्यपालन हा लाभाचा व आनंदाचा उद्योग आहे. तो करणारे हात निरोगी राहिले तरच तो टिकेल.