भिजलं तर भिजू दे

आई-बाबांनो, 'भिजू नकोस, सर्दी होईल' हे आपण मुलांना इतक्या वेळा बजावलेलं असतं, की त्यांना ते झोपेतही आठवावं. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं पहिल्या टपोऱ्या थेंबांसरशी जवळचं झाड गाठतात. कपडे ओले झाले तर घरी काय ऐकावं लागेल, हे त्यांना ठाऊक असतं. विजेबद्दल मात्र त्यांना कोणी नीटसं काही सांगितलेलं नसतं. म्हणून आज हे हितगुज.

धार काय, देवास काय, आपण राहतो ते माळव्याच्या पठारावर. उन्हानं तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिला बाष्प मिळालं की तासा-दोन तासांत गडगडाटी ढग उभा राहतो. वळवाच्या सरींपासून सोयाबीनच्या पेरणीपर्यंतचा काळ आपल्याकडे विजेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसं गेली, आणि त्यांत सर्वांत जास्त, पाचशेच्या आसपास, आपल्या मध्य प्रदेशातली होती. हा धोका आपल्या अंगणातलाच आहे.

झाडाखाली नेमकं काय होतं, ते मुलांना समजावून सांगा. नुसतं 'जाऊ नको' म्हटलेलं त्यांना पटत नाही. वीज बहुधा उंच वस्तूवर पडते. खोडातून खाली येताना ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेते, किंवा मुळांपाशी जमिनीत पसरून त्याच्या पायांतून शिरते. एका झाडाखाली दाटीनं उभी असलेली गुरं एकदम दगावतात, ती यामुळेच. आमराईत तर मोह दुहेरी असतो. वारा सुटला की कैऱ्या पडतात, आणि त्या वेचायला मुलं नेमकी त्याच वेळी झाडाखाली धावतात. त्यांना सांगा, कैऱ्या उद्या सकाळीही तिथंच असतील.

उंचवट्यांचंही तसंच. देवासची माताजींची टेकडी असो की मांडूचा रूपमती मंडप, ढग गडगडताना तिथं उघड्यावर फोटो काढत थांबायचं नाही. जुलै 2021 मध्ये जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर पाऊस पाहायला चढलेल्या लोकांवर वीज पडली आणि दहाहून अधिक माणसं गेली. पावसाळी मांडू पाहायला आपण सगळेच जातो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

मग मुलानं जायचं कुठं? भिंती आणि पक्कं छत असलेल्या घरात, दुकानात, शाळेत. काचा लावलेल्या मोटारीत किंवा बसमध्येही चालेल, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. पत्र्याची उघडी टपरी, लग्नाचा मांडव, दुचाकी, ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही. रबरी चपला नि टायर वाचवतात, हा समज खोटा. जवळपास काहीच नसेल तर झाडं, खांब, तारेचं कुंपण आणि पाणी यांपासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. हा मात्र अगदी शेवटचा उपाय, त्यावर विसंबू नका.

वेळ ओळखण्याचा खेळ मुलांना आवडतो. वीज चमकली की आकडे मोजायला लावा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणजे तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. डोक्यावर पाऊस नसला तरी लगेच आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आजी अर्जुनाची दहा नावं म्हणायला सांगत असेल तर जरूर म्हणा, पण छपराखाली बसून. आणि पायाळू माणसावरच वीज पडते, ही समजूत सोडा. पायाळू मूल उगाच धास्तावतं आणि बाकीची निर्धास्त होतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनवर असू द्या. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना त्यावर मिळते.

आता थोडं आपल्याबद्दल. आभाळ काळवंडलं की आपणच ओरडतो, 'अरे, गच्चीवरचे पापड-कुरडया उचल!' गडगडाट सुरू झाल्यावर पोराला गच्चीवर पाठवू नका, स्वतःही जाऊ नका. घरातसुद्धा त्या वेळी अंघोळ, नळाखाली भांडी घासणं, चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरणं टाळा. खिडकीपासून जरा दूर बसा.

कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात वीज साठून राहत नाही. 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात मोलाचा वेळ जातो.

येत्या रविवारी मुलांबरोबर त्यांच्या रोजच्या वाटेनं एक फेरी मारा. क्लास, मैदान, मित्राचं घर. वाटेत गडगडलं तर कुठल्या दुकानात, कुणाच्या ओसरीवरून थेट कुणाच्या घरात शिरायचं, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या. 'पाऊस आला की धावत घरी ये' हा आपला हुकूम बदला आणि त्याऐवजी सांगा, 'असशील तिथं पक्क्या छपराखाली जा. उशीर झाला तरी चालेल, भिजलास तरी चालेल.' आणि पोर खरंच उशिरा, चिंब होऊन दारात आलं, तर त्या दिवशी एक शब्दही बोलू नका. तुम्ही रागावलात, तर पुढच्या वेळी ते पुन्हा झाडच शोधेल.