बांधावरची रानमोहरी : तण की राखणदार?



पावसाळ्यात आपल्या बांधावर तिळवण उगवते. पिवळी फुलं, चिकट अंग, उग्र वास. मोहरीच्या जवळच्या कुळातली म्हणून तिला रानमोहरीही म्हणतात. खुरपं हाती आलं की आपण तिलाच आधी उपटतो. पण बांध चकाचक करताना आपण घर कुणाचं मोडतो, याचा विचार व्हावा.

2002 साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता, हे आपण जाणतोच. असे कीटक शिवारात टिकले पाहिजेत. सिरफिड माशीचंच पाहा. तिची अळी मावा खाते, पण माशी स्वतः फुलांतला मध आणि पराग यांवर जगते. उसाला तुरा आला तरी त्यात मध नसतो. मग ती राहणार कुठे?

यासाठी एवढे करावे :

1. पावसाळ्यात बांधावर तिळवणीचा थोडा पट्टा राखावा. शेंगा पिकून तडकण्याआधी जादा झाडं काढावीत, म्हणजे बी शेतात पसरणार नाही.

2. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पूर्वहंगामी लागणीच्या सुमारास, बांधालगत घरच्या मोहरीची एक ओळ पेरावी. बी बारीक असते. वाळूत मिसळून उथळ पेरावे.

3. मोहरीवर मावा दिसला तर घाबरू नये. तो उसावर जात नाही. उलट ढालकिड्यांना खाद्य मिळते. मात्र शेजारी कोबी, फ्लॉवर किंवा मुळा असेल तर ही ओळ टाळावी.

4. फुलोऱ्यावर औषध मारू नये. मधमाश्याही तिथेच येतात. शेजारच्या करडई-सूर्यफुलाला त्यांचा उपयोग होतो.

एक इशारा. पिवळा धोत्राही बांधावर येतो. पानं काटेरी, तोडल्यावर पिवळा चीक. त्याचं काळं बी मोहरीसारखं दिसतं, पण ते विषारी आहे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन 60 हून अधिक माणसं दगावली. म्हणून धोत्रा बोंड धरण्याआधीच मुळासकट उपटावा, आणि बांधावरचं बी ओळख पटल्याशिवाय फोडणीला घेऊ नये.

थोडक्यात, बांध साफ करू नका असं नाही. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते ओळखून खुरपं चालवा. मूठभर मोहरीचा खर्च तो किती!